चित्राची रचना आणि आखणी: इलस्ट्रेशनच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या बहुतेक उत्तरांत सोयीसाठी एकच काम धरले आहे: मुलांच्या मासिकासाठी ए४ आकाराचे, उभे, पूर्ण पान चित्र. प्रसंग असा की आठवडी बाजारात सात वर्षांच्या मुलाचा आईच्या हातातला हात सुटला आहे. गर्दी आहे, ताडपत्रीची पाले आहेत, मांडलेला माल आहे आणि एक भेदरलेला मुलगा आहे. रचनेत अडचण आणणारे जवळपास सगळे या एका प्रसंगात येते.

थेट मोठ्या कागदावर सुरुवात केली तर काय बिघडते?

मोठ्या कागदावर हात लगेच तपशिलात शिरतो. मुलाचा चेहरा काढला, तो छान जमला, की मग त्याला हात लावायचा धीर होत नाही आणि बाकीचे चित्र त्या चेहऱ्याच्या सोयीने बसवत न्यावे लागते. चेहरा तीन सेंटिमीटर डावीकडे हवा होता हे लक्षात येते तेव्हा अर्धा दिवस गेलेला असतो. छोट्या चौकटीतल्या कच्च्या चित्रात, म्हणजे थंबनेलमध्ये, हाच निर्णय दहा सेकंदांत फिरवता येतो. तिथे डोळे, बोटे, साडीचे काठ काढताच येत नाहीत, म्हणून लक्ष आपोआप मोठ्या आकारांवर राहते: गर्दीने किती जागा खाल्ली, मुलगा केवढा, मोकळे किती उरले. अंतिम चित्रात (फिनिशमध्ये) खटकणाऱ्या बहुतेक गोष्टी थंबनेलमध्ये आधीच असतात. तिथे राहिलेला दोष नंतर सुबक रेषेने झाकला जात नाही, उलट जास्त उठून दिसतो.

थंबनेल केवढे काढायचे, किती काढायचे आणि कशाने?

ए४ उभ्या पानासाठी साधारण ५ × ७ सेंमी. एका ए४ कागदावर अशा नऊ चौकटी मोकळ्या अंतराने बसतात. याहून मोठी चौकट घेतली की चेहरे काढावेसे वाटतात. निम्मी केली तर हाताला वळायला जागा उरत नाही.

साधन मुद्दाम जाड घ्या: बोथट ४बी पेन्सिल, ब्रश पेन किंवा स्केचपेन. ०.५ची मेकॅनिकल पेन्सिल इथे नको, ती बारीक कामाकडे ओढते. खोडरबर दूर ठेवा. पटले नाही तर पुढची चौकट घ्या.

एका चित्रासाठी पंधरा ते वीस थंबनेल काढावीत, प्रत्येकी दोन-तीन मिनिटे. पहिली चार-पाच सगळ्यांची सारखीच येतात: मुलगा मध्यभागी, दोन्ही बाजूंना गर्दी, मागे पाले. ती काढून मोकळे व्हा, कामाचे सहसा सातव्या-आठव्यानंतर सुरू होते. मात्र नऊ चौकटींत मुलगा नऊ जागी सरकवला आणि बघणारा तिथेच उभा राहिला, तर ते एकच थंबनेल झाले. एका वेळी एक गोष्ट ठरवून बदला. बघणारा कुठे आहे? पालावर चढून खाली पाहतो आहे, जमिनीवर बसून पायांच्या जंगलातून पाहतो आहे, की भाजीवाल्याच्या तराजूमागून? मुलगा समोरून दिसतो की पाठमोरा? आई चौकटीत आहे की नाही? प्रत्येक उत्तराचे एक थंबनेल होते.

चौकटीचे प्रमाण इतके काटेकोर का लागते? अंदाजाने काढली तर?

अंदाजाने काढलेली चौकट बहुधा जास्त चौरस होते. तिच्यात बसवलेली रचना खऱ्या पानावर नेली की वर किंवा खाली एक पट्टा उरतो आणि तो भरायला झाड, ढग किंवा पक्षी येतात. बऱ्याच विद्यार्थ्यांच्या चित्रांतले पक्षी असेच आलेले असतात.

ए मालिकेच्या सगळ्या कागदांचे प्रमाण १ : १.४१४ असते, म्हणून ए५, ए४, ए३ साठी एकच चौकट चालते. साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या डेमी पुस्तकाचे प्रमाण सुमारे १ : १.५५ आहे, म्हणजे पान जरा उंच. ए४ साठीचे थंबनेल तिथे जसेच्या तसे नेता येत नाही. इन्स्टाग्रामसाठी ४ : ५ धरले तर पान बुटके होते.

प्रमाण जपायला गणित लागत नाही. मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कर्ण काढा. त्या कर्णावर कुठलाही बिंदू घेऊन तिथून दोन कडांना समांतर रेषा टाकल्या की तयार होणारी छोटी चौकट त्याच प्रमाणाची असते. जाड पुठ्ठ्यात अशी एक खिडकी कापून ठेवली की छापासारखी वापरता येते.

कथेतला नेमका कुठला क्षण निवडायचा?

आधी एक वाक्य लिहा, चित्रात काय दिसले पाहिजे याचे. ‘बाजारात मुलगा हरवतो’ हे वाक्य कामाचे नाही, कारण त्यातून काहीही काढता येते. ‘मुलगा ज्या साडीचा पदर धरून चालला होता ती बाई वळून पाहते आणि ती आई नसते’ या वाक्यात दोन माणसे, एक पदर आणि दोन नजरा मिळतात. रचना तिथूनच सुरू होते.

घटना पूर्ण घडून गेल्यानंतरच्या क्षणापेक्षा ती घडण्याच्या जरा आधीचा किंवा लगेच नंतरचा क्षण बहुधा चांगला पडतो, कारण वाचणाऱ्याला पुढे काय हे विचारायला जागा राहते. दुसरी काळजी अशी की मजकुरात जे स्पष्ट लिहिले आहे तेच पुन्हा काढू नका. लेखकाने ‘तो रडू लागला’ लिहिले असेल, तर चित्रात अश्रू नसले तरी चालते. तो कुठे आणि किती एकटा उभा आहे हे दाखवा.

इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात चांगली श्रेणी होती. मग इथे अडकायला का होते?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या तयारीत बहुतेकांकडून ठरावीक मांडणी घोटून घेतलेली असते: एका बाजूला झाड, पुढे दोन-तीन मोठ्या आकृत्या, मध्ये छोटा घोळका, मागे घर आणि डोंगर. ठरलेल्या वेळेत पान भरून दाखवायला ती उपयोगी आहे आणि तिच्यामुळे हाताला वेग येतो. अडचण एवढीच की त्यात विषय बदलला तरी मांडणी बदलत नाही. बसथांबा असो, विहीर असो, बाजार असो, बघणारा कायम त्याच अंतरावर, त्याच उंचीवर उभा असतो.

ही सवय मोडायचा एक व्यायाम आहे. आपलेच जुने स्मरणचित्र घ्या आणि त्याच प्रसंगाची सहा थंबनेल अशी काढा की मुख्य व्यक्ती एकदा पानाच्या तीन-चतुर्थांश उंचीची असेल, एकदा एक-दशांश, एकदा चौकटीने अर्धी कापलेली.

तृतीयांशाचा नियम पाळायचा का? आणि सुवर्णप्रमाण?

तृतीयांशाचा नियम म्हणजे पानाचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवणे. तो नवशिक्याला मध्यभागातून बाहेर काढतो, त्याचा फायदा तेवढाच. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये निसर्गदृश्यांबद्दल लिहिताना त्याला हे नाव दिले, तेही छायाउजेड आणि मोठ्या भागांची वाटणी समान नसावी या मुद्द्यासाठी. आज मोबाइलच्या पडद्यावरच्या जाळीमुळे तो ‘डोळा या रेषांच्या छेदावर ठेवा’ इतका आक्रसला आहे. मूळ मुद्दा जास्त कामाचा आहे: जागेचे सारखे तुकडे करू नका. आकाश आणि जमीन निम्मी-निम्मी, उजेड आणि सावली निम्मी-निम्मी, दोन घोळके सारखेच मोठे, असे झाले की चित्र सपाट वाटते.

मध्यभागही वर्ज्य नाही. देवतेचे चित्र, समोरासमोरचा सामना, किंवा गर्दीच्या मधोमध अडकलेला मुलगा यांना मध्यभाग शोभतो. १ : १.६१८च्या सुवर्णप्रमाणावरून काढलेली सर्पिल वळणे, म्हणजे ‘गोगलगायी’, जुन्या चित्रांवर नंतर चिकटवलेल्या पुष्कळ आढळतात. चार गोगलगायी फिरवून पाहिल्या तर एक कुठल्याही चित्रावर बसते. त्यात वेळ घालवू नये असे आमचे मत आहे.

नजर आधी कुठे जाईल हे कसे ठरवायचे?

नजर ओढणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत: जिथे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ छटा शेजारी येतात ती जागा, माणसाचा चेहरा आणि विशेषतः डोळे, इतरांपासून सुटलेली एकटी वस्तू, धारदार कडा, आणि बाकीच्यांपेक्षा वेगळा रंग. या सगळ्या मुलावर एकदम लादायची गरज नाही, दोन पुरतात. महत्त्वाचे म्हणजे त्याच गोष्टी इतरत्र नसाव्यात. नेहमी दिसणारी चूक अशी: मुलाचा चेहरा नीट उजळ आहे, पण कोपऱ्यातल्या स्टीलच्या भांड्यांवर शुद्ध पांढऱ्या चमकी टाकल्या आहेत आणि त्यांच्या मागे काळोख आहे. नजर भांड्यांकडे जाते. त्या चमकी मधल्या राखाडीवर आणल्या की मुलगा परत सापडतो.

तपासायला डोळे बारीक करा, किंवा चित्र दोन मीटर लांब ठेवा. कुणाला तरी तीन सेकंद दाखवून झाका आणि काय दिसले ते विचारा. ‘तुला कसे वाटले’ असे विचारू नका, त्याने काही कळत नाही.

हरवलेल्या मुलाच्या हातात लाल फुगा द्यायचा मोह जवळपास प्रत्येक वर्गात होतो. फुग्याकडे नजर जाते खरी, पण मग चित्र फुग्याचे होते.

टोनची आखणी म्हणजे नेमके काय करायचे?

टोन म्हणजे रंग बाजूला ठेवून उरणारा उजळ-गडदपणा. निवडलेली तीन थंबनेल घ्या आणि प्रत्येक फक्त तीन छटांत भरा: कागदाचा पांढरा, एक मधला राखाडी, एक काळा. मधल्या छटेसाठी हलका राखाडी मार्कर किंवा पातळ शाई बरी. पेन्सिलने घासून छटा काढल्या की तीनच्या सात होतात आणि निर्णय पुढे ढकलला जातो.

तिन्ही छटांनी सारखी जागा घेऊ नये. एक बरीच, एक मध्यम, एक अगदी थोडी. बाजाराच्या चित्रात असे करता येते: पालांखालची गर्दी मधल्या छटेत एकत्र, पुढची एक-दोन पाठमोरी माणसे आणि पालांचे खांब काळे, आणि दोन ताडपत्र्यांच्या फटीतून उतरलेला उन्हाचा पट्टा पांढरा. मुलगा त्या पट्ट्यात. आई दाखवायची असेल तर लांब, दुसऱ्या एका लहानशा उजळ ठिपक्यात. दोघांच्या मधला काळोख हे त्या चित्राचे अंतर.

इथे हात अडखळतो तो छटा वस्तूला चिकटवल्याने: केस काळे, शर्ट पांढरा, साडी मधली. असे केले की प्रत्येक माणूस ठिपक्या-ठिपक्यांचा होतो आणि गर्दी फुटते. छटा उजेडाच्या हिशेबाने द्या. सावलीतला पांढरा शर्ट उन्हातल्या काळ्या छत्रीपेक्षा फारसा उजळ नसतो. सावलीतले शर्ट, केस, टोपल्या एकाच छटेत वितळू द्या.

रंगीत चित्राचा टोन संगणकावर तपासताना फक्त सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य करू नका. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये त्या पद्धतीने शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच राखाडीत येतात, प्रत्यक्षात पिवळा कितीतरी उजळ असतो. वर पांढरा लेयर टाकून त्याचा मोड ‘कलर’ करा, मग दिसतो तो टोन बराच खरा असतो.

क्षितिजरेषा कुठे घ्यायची?

क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. ती ठरली की सपाट जमिनीवरच्या सगळ्या माणसांची मापे आपोआप ठरतात: सारख्या उंचीची सगळी माणसे, जवळची असोत वा लांबची, त्या रेषेने शरीराच्या त्याच जागी कापली जातात. मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून पाहिले तर मोठ्यांची डोकी एका ओळीत येतात आणि मुलगा त्या ओळीच्या खाली बुडतो.

हाच बाजार मुलाच्या उंचीवरून पाहा. सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण १०५ ते ११० सेंमीवर असतात. १६५ सेंमी उंचीच्या माणसाला ही रेषा बेंबीच्या जरा वर कापते. म्हणजे कागदावर क्षितिजरेषा आखा, आणि प्रत्येक मोठ्या माणसाची बेंबी त्या रेषेच्या किंचित खाली ठेवा. पाय खाली कुठेही येऊ देत, डोके आपोआप योग्य जागी जाते. लांबच्या माणसांचे पाय रेषेच्या जवळ येतात, जवळच्यांची डोकी चौकटीबाहेर जातात. मुलाला दिसते ते हेच: हात, पिशव्या, पदर, पोटे. चेहरे नाहीत.

बैठ्या भाजीवाल्यांच्या डोक्यांना हा हिशेब वेगळा लागतो, हे विसरून त्यांना उभ्यांच्या ओळीत बसवले जाते. मग त्या बायका उंच ओट्यावर बसल्यासारख्या दिसतात.

पालांचे कोपरे ताणल्यासारखे दिसतात. का?

दोन लोपबिंदू, म्हणजे मागे जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळतात ते बिंदू, फार जवळ घेतले आहेत. दोन्ही बिंदू कागदातच बसवले की जवळचा कोपरा टोकदार होतो. दोन लोपबिंदूंमधले अंतर चित्राच्या रुंदीच्या निदान दुप्पट ठेवा, तिप्पट असेल तर अधिक शांत दिसते. ए४ कागद मोठ्या ड्रॉइंग बोर्डवर चिकटवा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेपने कोरे कागद जोडा, बिंदूंवर टाचणी लावून दोरा बांधा आणि दोरा ताणून दिशा पाहा. संगणकावर हेच काम पर्स्पेक्टिव्ह गाइड करतो, पण तिथेही बिंदू कॅनव्हासच्या बाहेर न्यायला विसरू नका.

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) सक्तीचे आहे का?

नाही. ज्या चित्रपरंपरा आपल्या जवळ आहेत त्यातल्या पुष्कळ त्याशिवाय चालतात, आणि गर्दीचा प्रश्न जास्त चांगला सोडवतात. मुघल लघुचित्रात बघणारा उंचावर असतो. मागची माणसे पानावर वर सरकतात, सहसा फारशी लहान होत नाहीत, म्हणून पन्नास माणसांतही प्रत्येक जण दिसतो. वारली चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी सर्पिल फिरते आणि क्षितिजरेषा नावालाही नसते. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीत, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेत, पात्रे बाजूने दिसतात आणि समोरासमोर उभी राहतात, त्यामुळे कोण कोणाशी बोलते आहे हे लांबूनही कळते.

एक पद्धत निवडली की ती पूर्ण चित्रात पाळा. वरून दिसणारी माणसे आणि समोरून दिसणारी दुकाने असे मिश्रण ठरवून केले तर चालते, नकळत झाले तर चुकलेले वाटते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रे प्रत्यक्ष पाहता येतात. छापील पुनरुत्पादनात ती किती लहान असतात याचा अंदाज येत नाही.

गर्दीत वीस माणसे काढायची आहेत. चित्र खिचडी होते.

वीस माणसे काढू नका, तीन घोळके काढा. एक मोठा, एक मध्यम, एक अगदी लहान, आणि प्रत्येकाची बाहेरची कड एकाच सलग आकाराची. आत कोण कुठे आहे हे नंतर. घोळक्यातल्या माणसांनी एकमेकांना झाकले पाहिजे. निम्म्याहून अधिक माणसांचे फक्त डोके किंवा खांदा दिसला तरी पुरतो. सगळी माणसे पायापासून डोक्यापर्यंत सुटी दिसू लागली की ती रांगेत उभी केल्यासारखी होतात.

मग कडा तपासा. दोन आकार एकमेकांना नुसते टेकतात तिथे खोली मरते आणि नजर अडकते. एक तर झाकू द्या, नाहीतर स्पष्ट अंतर ठेवा. नेहमीची ठिकाणे: डोक्यातून उगवलेला पालाचा खांब, मानेवरून गेलेली क्षितिजरेषा, चौकटीला टेकलेले कोपर, एकाच्या पाठीची रेष पुढे दुसऱ्याच्या हाताला जोडली जाणे. चौकटीने माणूस कापायचा असेल तर मनगट, कोपर, गुडघा, घोटा या सांध्यांवर कापू नका. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापला तर तो चौकटीबाहेर पुढे चालू राहतो, सांध्यावर कापला तर तुटल्यासारखा वाटतो.

पात्र डावीकडे पाहावे की उजवीकडे?

मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून उजवीकडे चाललेले पात्र पुढे जाते असे वाटते आणि डावीकडे चाललेले परत फिरते किंवा वाचणाऱ्याच्या विरुद्ध येते. पुस्तकात उजव्या कडेकडे पाहणारे पात्र पान उलटायला लावते. हरवलेला मुलगा गर्दीच्या उलट, डावीकडे तोंड करून असेल तर त्याची अडचण न सांगता कळते. उर्दू पुस्तकासाठी काढत असाल तर हे सगळे उलटे धरा.

मजकुरासाठी जागा कशी सोडायची?

शीर्षकाचा आणि मजकुराचा ठोकळा पहिल्याच थंबनेलमध्ये काढा, काळ्या चौकटीने. नंतर ‘आकाशात बसेल’ म्हणून सोडले की संपादक शीर्षक मुलाच्या डोक्यावर ठेवतो, आणि दोष त्याचा नसतो. देवनागरीला जागा जास्त लागते: शिरोरेषेवर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींतले अंतर मोठे ठेवावे लागते. मागे खडबडीत पोत किंवा तीव्र छायाभेद असेल तर अनुस्वार आणि बारीक वेलांट्या गायब होतात. मजकुरामागची जागा एकाच छटेची ठेवा.

छपाईसाठी चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेले चित्र) सोडा आणि महत्त्वाचे काहीही कापाच्या रेषेपासून ८-१० मिमी आत ठेवा. जोडपानाचे चित्र असेल तर मधल्या घडीत चेहरा, हात किंवा अक्षर नको. मध्यभागी पिना मारलेल्या मासिकात घडीत थोडेच जाते, चिकटवलेल्या जाड पुस्तकात बरेच. कुठली बांधणी आहे हे संपादकाला आधीच विचारा.

रेफरन्स (पाहून काढण्यासाठीचे फोटो) कधी शोधायचा?

थंबनेल ठरल्यानंतर. आधी फोटो शोधले की सापडलेल्या फोटोची रचना उचलली जाते, आणि तो कोन दुसऱ्या कुणी तरी आधीच ठरवलेला असतो. आधी चौकट ठरवा, मग लागेल तेवढेच शोधा: पालाची दोरी खुंटीला कशी बांधतात, तराजू कसा धरतात, खांद्यावर पिशवी असताना खांदा किती उतरतो.

शक्यतो फोटो स्वतः काढा, हक्काचा प्रश्न उरत नाही. फोनचे मुख्य भिंग विस्तृत कोनाचे असते. माणसाच्या जवळ जाऊन काढलेल्या फोटोत नाक आणि जवळचा हात फुगतो, पाय चिमुकले होतात. तीन-चार मीटर मागे जाऊन २x किंवा ३x वर काढा. मुलाच्या उंचीचे दृश्य हवे असेल तर फोन खरोखर १०५ सेंमीवर धरा. उभ्याने काढून नंतर ‘खाली करून घेऊ’ असे जमत नाही.

थंबनेलमधला जोर मोठे करताना जातो. तो कसा टिकवायचा?

तो जातो कारण मोठे करताना आपण नकळत दुरुस्ती करतो: तिरके खांब उभे होतात, वाकलेली माणसे ताठ होतात, घोळक्यातल्या फटी वाढतात. डोळ्याने मोठे करू नका. थंबनेलचा फोटो काढून पानाच्या मापात छापा, फिका छापलात तरी चालेल, आणि त्यावर बटर पेपर किंवा लाइट बॉक्स घेऊन काढा. प्रिंटर नसेल तर थंबनेलवर ४ × ४ची जाळी आणि दोन्ही कर्ण आखा, मोठ्या कागदावर तशीच जाळी काढा आणि आधी फक्त मोठ्या आकारांच्या बाहेरच्या कडा न्या. मग मोठ्या चित्राचा फोटो काढून पडद्यावर थंबनेलएवढा करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. काय ताठ झाले ते लगेच दिसते.

रफ (कच्चे रेखाटन) अंतिम कागदावर उतरवायला बटर पेपरच्या मागे ४बी पेन्सिल घासून वरून कठीण पेन्सिलने गिरवा. जुने लघुचित्रकार रेषांवर टोचे मारून कोळशाची पूड झिरपवत, त्याला खाका म्हणतात. जरीकामात आजही असेच नक्षीकाम उतरवतात. मोठ्या भित्तिचित्राला ही पद्धत अजून सोयीची आहे.

रंग कधी ठरवायचे?

टोन ठरल्यावर, पण अंतिम कागदाला हात लावण्याआधी. तीन-चार छोट्या रंगचौकटी करा, एकाच टोनवर वेगवेगळ्या संगतींच्या. रंग मोजके घ्या: क्रिमसन, यलो ऑकर, अल्ट्रामरीन आणि पांढरा एवढ्यात बाजार होतो. निळ्या ताडपत्रीखाली सगळे काही निळसर होते, पिवळ्या ताडपत्रीखाली चेहरे नारिंगी. हे निरीक्षण वापरले तर पालांखालची गर्दी एका रंगात बांधली जाते आणि फटीतल्या उन्हात उभा असलेला मुलगा साध्या पांढऱ्या शर्टातही सुटून दिसतो.

पोस्टर कलरमध्ये उजळ रंग वाळल्यावर जरा गडद होतात आणि गडद रंग जरा फिके, म्हणून कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहा. छपाईत चार रंगांत झगमगता निळा-जांभळा आणि फ्लुरोसंट हिरवा येत नाहीत, मळके होतात. संपूर्ण रचना त्यांच्यावर टेकवू नका.

डिजिटल काम करताना काय वेगळे?

ब्लीडसह ए४ म्हणजे २१६ × ३०३ मिमी. ३०० डीपीआयला ती फाइल २५५१ × ३५७९ पिक्सेलची होते. थंबनेल मात्र या कॅनव्हासवर झूम करून काढू नका. झूम केले की चौकट नजरेबाहेर जाते आणि आपण परत नाक-डोळे काढत बसतो. एक वेगळा लहान कॅनव्हास घ्या, जाड ब्रश, एकच लेयर. मोठ्या फाइलवर काम करताना नॅव्हिगेटर किंवा दुसरी खिडकी लहान आकारात कायम उघडी ठेवा. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हास जितका मोठा तितके कमी लेयर मिळतात, तेव्हा लेयर माणसांप्रमाणे नको, घोळक्यांप्रमाणे करा. क्रिता हा चित्रकलेचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि या कामाला पुरते.

इतरांच्या रचना कशा अभ्यासायच्या?

पाहून नाही, काढून. एक चित्र, ५ सेंमीची चौकट, तीन छटा, पाच मिनिटे. होकुसाईची १८३१च्या सुमाराची मोठी लाट अशी काढली की फुजी पर्वत किती लहान आहे आणि लाटेच्या खालची पोकळी किती मोठी आहे ते हाताला कळते. हिरोशिगेचे १८५७चे पुलावरच्या अवचित पावसाचे चित्र व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तैलरंगांत उतरवून अभ्यासले होते. घरच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे याच रीतीने काढा. एका आकृतीला शीर्षकाशी कसे सांभाळून घेतले आहे हे त्यात पाहण्यासारखे आहे. दलालांनी ‘दीपावली’ १९४५ मध्ये सुरू केला, त्यामुळे रद्दीवाल्याकडेही मिळायची शक्यता बरी.

वेळेची वाटणी कशी असावी?

दहा तासांच्या कामात थंबनेलला दीड तास, टोन आणि रंगचौकटींना दीड, रेफरन्सला दीड, मोठे करण्याला दीड आणि फिनिशला चार. पहिल्यांदा हे अन्यायाचे वाटते, कारण सहा तास होऊनही दाखवायला काही सुंदर नसते. सबमिशनच्या आदल्या रात्री फिनिशसाठी चार तास उरतील असे मागून मोजत या.

चित्र बिघडले आहे हे कळते, पण कुठे ते कळत नाही.

आरशात पाहा, मग उलटे करून पाहा. तोल एका बाजूला गेला असेल तर आरशात लगेच खटकतो. मग करडे करून पाहा. रंगात ठीक आणि करड्यात सपाट असेल तर अडचण टोनची आहे. तरीही सापडले नाही तर कोऱ्या कागदाच्या तुकड्याने एकेक भाग झाका. जो भाग झाकल्यावर चित्र सुधारते तो काढून टाका, मग तो कितीही चांगला काढलेला असो.

संपादकाला किंवा शिक्षकांना रफ कधी आणि किती दाखवायचे?

दोन किंवा तीन थंबनेल, टोनसह, अंतिम मापाच्या निम्म्या आकारात स्वच्छ काढून. मजकुराचा ठोकळा त्यात दिसला पाहिजे. सोबत प्रत्येकी एक ओळ: बघणारा कुठे आहे आणि नजर आधी कुठे जाते. वीस दाखवलीत तर निवड समोरच्यावर ढकलली जाते आणि तो तीन थंबनेलचे तुकडे जोडायला सांगतो. जे करायची इच्छा नाही ते भरतीला ठेवू नका. नेमके तेच निवडले जाते. मान्यता लेखी घ्या, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर, कारण रचना बदलण्याची सूचना फिनिशनंतर आली तर कुठला बदल आधी ठरला होता आणि कुठल्याचे वेगळे पैसे मागायचे हे त्यावरूनच ठरते.